पारंपरिक धनुष्यासाठी दोन पात्यांचे ब्रॉडहेड कसे निवडावे

लाँगबो (लांब, सरळ धनुष्य) किंवा रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले धनुष्य) घेऊन हरणाच्या शिकारीला निघणारा माणूस धनुष्य निवडताना महिनोन्‌महिने चौकशी करतो, पण बाणाच्या टोकाला लागणारे धारदार पाते, म्हणजे ब्रॉडहेड, मात्र दुकानात जे मिळेल ते उचलतो, हे मला नेहमी खटकते. प्राण्याच्या शरीरात जाते ते पाते, धनुष्य नव्हे. बंदुकीची गोळी आघाताने मारते. बाण केवळ कापून, रक्तस्राव घडवून मारतो. म्हणून पाते चुकीचे निवडले गेले किंवा बोथट राहिले तर त्याची किंमत जखमी होऊन झाडीत नाहीशा झालेल्या जनावराला मोजावी लागते, आणि या विषयात काळजी घेण्याचे माझ्या लेखी हेच पहिले कारण आहे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीवर बंदी आहे आणि ब्रिटनमध्येही धनुष्याने वन्यप्राणी मारणे बेकायदा आहे. त्यामुळे पुढील सर्व विवेचन उत्तर अमेरिकेत परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, प्रामुख्याने पांढऱ्या शेपटीच्या हरणाची म्हणजे व्हाइटटेलची शिकार करणाऱ्यांसाठी आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी ज्यांना पारंपरिक धनुष्यच वापरायचे आहे, त्यांच्या हे थेट उपयोगी पडेल.

पाते निवडण्याआधी आपल्या हातातल्या धनुष्याची ताकद नीट समजून घ्यावी. ४५ पौंडांचे, म्हणजे पूर्ण खेचायला तेवढा जोर लागणारे, चांगले रिकर्व्ह ५०० ग्रेनचा, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅमचा बाण साधारण सेकंदाला १६५ फूट वेगाने सोडते. त्याची गतिज ऊर्जा ३० फूट-पौंडांच्या आसपास भरते. आधुनिक, चाकांचे कंपाउंड धनुष्य ४०० ग्रेनचा बाण २८० फुटांच्या वेगाने फेकते तेव्हा हाच आकडा ७० च्या घरात जातो. म्हणजे कंपाउंडवाल्याकडे दुपटीहून अधिक ऊर्जा असते. ती त्याने रुंद, तीन-चार पात्यांच्या किंवा आत गेल्यावर उघडणाऱ्या यांत्रिक टोकांवर खर्च केली तरी त्याचे भागते. आपले भागत नाही. आपल्याजवळ असलेली थोडकी ताकद कातडी, फासळ्या आणि फुप्फुसे ओलांडून बाण पलीकडे निघेपर्यंत पुरली पाहिजे, आणि पात्याविषयीचा प्रत्येक निर्णय याच एका कसोटीवर घासून घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. बाण आरपार गेला तर छातीला दोन छिद्रे पडतात. हरणाची शिकार बहुधा झाडावरच्या मचाणातून होत असल्याने बाण वरून तिरपा जातो, पलीकडचे छिद्र खालच्या बाजूला येते, आणि रक्त तिथूनच जमिनीवर सांडून माग काढता येतो.

दोन पात्यांना प्राधान्य द्यायचे ते यासाठी. १ १/८ इंच रुंदीचे दोन पात्यांचे टोक तेवढीच, म्हणजे १ १/८ इंचाची एक सरळ चीर पाडते. त्याच व्यासाच्या तीन पात्यांच्या टोकाची एकूण काप सुमारे १.७ इंच होते. काप दीडपट झाली की कापण्याचे कामही वाढते आणि पात्यांच्या बाजूंना मांस घासून होणारा अडथळाही वाढतो. ५५-६० पौंडांच्या धनुष्याला तो अडथळा पेलतो आणि अशा धनुष्यांसाठी तीन पात्यांची उत्तम टोके आहेत, हे मी नाकारत नाही. परंतु ज्यांचे धनुष्य ४० ते ५० पौंडांच्या दरम्यान आहे, किंवा ज्यांची ओढ, म्हणजे प्रत्यंचा मागे खेचण्याचे अंतर, २८ इंचांपेक्षा कमी आहे, त्यांनी दोन पात्यांपासून दूर जाऊ नये. धनुष्यावर लिहिलेले पौंड २८ इंचांच्या ओढीवर मोजलेले असतात. २६ इंचांपर्यंतच ओढणाऱ्याच्या हाती ४५ पौंडांचे धनुष्य चाळिशीच्याही खाली येऊ शकते. तेव्हा छापील आकड्यावर विसंबण्याऐवजी आपल्या ओढीवरचे खरे वजन काट्यावर मोजून घ्यावे.

आता रुंदी. बाजारात दोन पात्यांची टोके साधारण एक इंचापासून दीड इंचापर्यंत रुंद मिळतात. रुंद पाते पाहताना मोह होतो, कारण मोठी जखम म्हणजे लवकर मृत्यू हे गणित सरळ वाटते. ते गणित बाण आरपार गेला तरच खरे ठरते. दीड इंच रुंदीचे पाते अर्ध्यात अडकले तर एकच छिद्र राहते, तेही वरच्या बाजूला, आणि रक्त छातीच्या पोकळीत साठत राहते. ४० ते ४५ पौंडांसाठी १ ते १ १/८ इंच, ५० च्या आसपास सव्वा इंचापर्यंत, आणि त्याहून रुंद पाते केवळ जड बाण व ५५ पौंडांपुढील धनुष्यासाठी, असा हिशेब मी सुचवीन. मिनेसोटातील नॉर्थ सेंट पॉल येथील झ्विकी कंपनीचे ‘एस्किमो’ आणि ‘डेल्टा’ हे दोन नमुने शेजारी ठेवून पाहिले तर हा फरक डोळ्यांना दिसतो: एस्किमो अरुंद, डेल्टा रुंद, घडण मात्र एकाच घराण्याची.

रुंदीइतकेच महत्त्व लांबीला आहे. पाते रुंदीच्या मानाने जितके लांब, तितकी त्याची कड बाणाच्या दिशेशी लहान कोन करते आणि तितक्या कमी जोरात ते मांसातून सरकते. हॉवर्ड हिल या अमेरिकन तिरंदाजाने लांबी रुंदीच्या तिप्पट असावी हे प्रमाण लोकप्रिय केले, आणि आजही अनेक कारखाने तीनास एक या प्रमाणाची पाती विकतात. डॉ. एड ॲश्बी यांनी १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील नाताल प्रांतात आणि पुढे ऑस्ट्रेलियात म्हशींवर बाणांच्या भेदनक्षमतेचा दीर्घ अभ्यास केला. लांब आणि अरुंद पात्याच्या बाजूने सर्वांत जोरकस पुरावा त्यांच्या नोंदींतून मिळतो. मात्र लांब पात्याचे दोन तोटेही लक्षात घ्यावेत. बाणाचे उड्डाण थोडे जरी बिघडलेले असेल तर लांब पात्याच्या पृष्ठभागावर वारा अधिक धरतो आणि बाण भरकटतो. दुसरा तोटा सुरक्षिततेचा आहे: पूर्ण ओढीवर पात्याची मागची टोके धनुष्य धरलेल्या हाताच्या बोटाला भिडता कामा नयेत. यासाठी बाणाची दांडी अशी कापावी की पूर्ण ओढ घेतल्यावर पात्याचा मागचा भाग धनुष्याच्या पुढे किमान एक इंच राहील. तीन इंच लांबीचे पाते लावणार असाल तर हे माप दांडी कापण्याआधीच घ्यावे, नंतर घेऊन उपयोग नसतो.

टोकाचे अगदी पुढचे अग्र सुईसारखे असावे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात सुईसारखे बारीक अग्र फासळीवर आपटले की वाकते, त्याचा आकडा होतो, आणि मग बाण हाड कापण्याऐवजी त्यात रुततो. छिन्नीसारखे आखूड, भरीव अग्र कातडीत शिरताना किंचित जास्त जोर मागते. परंतु हाडावर ते टिकते. विकत घेताना अग्राचे शेवटचे दोन-तीन मिलिमीटर भिंगाखाली पाहावेत. तेथे धातू कागदासारखा पातळ झालेला दिसला, तर कानशीने दोन घाव देऊन ते अग्र थोडे बोथट करून घ्यावे; कडेची धार मात्र तशीच राखावी.

पोलादाच्या बाबतीत कठीणपणा आणि चिवटपणा यांचा तोल पाहायचा असतो. रॉकवेल मापनपट्टीवर ५२ ते ५६ च्या दरम्यान कठीण असलेले पाते घरच्या साधनांनी धार लावण्याजोगे राहते आणि हाडावर तुकडा उडून फुटतही नाही. त्याहून मऊ पात्याची कड दुमडते, आणि खूप कठीण पात्याला दगडावर धार लावणे हे सामान्य माणसासाठी जिकिरीचे काम होते. एकाच सळईतून कापून घडवलेली पाती महाग असतात, पण ती जोडावर उकलण्याचा प्रश्नच नसतो. पत्र्याची पाती मधल्या नळीला, म्हणजे फेरूलला, झाळून किंवा वितळजोड देऊन बसवलेली असतील तर जोड अखंड आहे का ते बोट फिरवून तपासावे. पात्याला वजन कमी करण्यासाठी खिडक्या पाडलेल्या असतील तर ते पाते मी टाळतो: उडताना ते आवाज करते आणि जिथे ताकद हवी तिथेच ते कमजोर असते.

धारेच्या कडेची घडण दोन प्रकारची असते. दोन्ही बाजूंनी उतार दिलेले पाते, म्हणजे डबल बेव्हल, आणि एकाच बाजूने उतार असलेले सिंगल बेव्हल. सिंगल बेव्हल पाते मांसात किंवा हाडात शिरताना एका बाजूला ढकलले जाते, त्यामुळे बाण फिरत पुढे जातो आणि हाड पिळून फोडतो. एल्क किंवा मूस यांच्यासारख्या अवजड प्राण्यांसाठी हा गुण खरोखर मोलाचा आहे. व्हाइटटेलच्या फासळ्यांसाठी तो अपरिहार्य नाही, असे माझे मत आहे. ज्याला सिंगल बेव्हल घ्यायचेच आहे त्याने पिसांशी मेळ घातला पाहिजे: पक्ष्याच्या उजव्या पंखाची पिसे लावलेला बाण मागून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, म्हणून त्याला उजव्या बेव्हलचेच पाते हवे, आणि डाव्या पंखाच्या पिसांना डाव्या बेव्हलचे. हा मेळ उलटा झाला तर बाणाला शरीरात शिरताच आपले फिरणे थांबवून उलट दिशेने फिरावे लागते आणि आधीच थोडी असलेली ताकद त्यात वाया जाते. डबल बेव्हलला हे बंधन नाही.

वजनाचा विचार पात्यापुरता करू नये, संपूर्ण बाणाचा करावा. धनुष्याच्या दर पौंडामागे दहा ग्रेन हा जुना दंडक आहे; हरणासाठी मी अकरा-बारापर्यंत जाणे पसंत करतो, म्हणजे ४५ पौंडांना ५०० ते ५४० ग्रेन. सीडर लाकडाची दांडी, तीन पिसे आणि नॉक (प्रत्यंचेवर बसणारा मागचा खाचेचा तुकडा) मिळून ३५० ग्रेन भरत असतील तर १६० ग्रेनचे पाते लावल्यावर बाण ५१० ग्रेनचा होतो आणि वजन पुढच्या बाजूला गेल्याने बाण सरळही लवकर होतो. बाणाचा तोल मध्यापासून किती पुढे आहे हे काढणे सोपे आहे. नॉकच्या खाचेपासून २९ इंच लांबीचा बाण १८ इंचांवर तोल धरत असेल, तर मध्यापासून तो साडेतीन इंच पुढे आहे, म्हणजे सुमारे १२ टक्के. लाकडी बाणासाठी हे चांगले आहे. जड हाड फोडण्यासाठी ॲश्बी बाण किमान ६५० ग्रेनचा असावा असे सांगतात, परंतु ती मोठ्या जनावरांच्या संदर्भात आहे. ४५ पौंडांच्या धनुष्याने एवढा जड बाण मारला तर त्याचा मार्ग इतका खाली झुकतो की अंतराच्या अंदाजातील थोडी चूकही नडते. शिवाय पाते जड केले की दांडी वागायला मऊ होते. १२५ ऐवजी २०० ग्रेन लावल्यावर उजव्या हाताच्या तिरंदाजाचे बाण उजवीकडे जाऊ लागले, तर दोष नेमात नसून दांडीच्या ताठपणात, म्हणजे स्पाइनमध्ये आहे.

पाते बसवण्याच्या दोन पद्धती आहेत. लाकडी दांडीला पाच अंशांचा उतार देऊन त्यावर ग्लू-ऑन पाते गरम डिंकाने चिकटवतात. कार्बन व ॲल्युमिनियमच्या दांड्यांना आट्यांचे स्क्रू-इन पाते लागते, किंवा ग्लू-ऑन पाते पोलादी अडॅप्टरवर बसवून तेच आट्यांत फिरवता येते. ॲल्युमिनियमचा अडॅप्टर हाडावर वाकतो, म्हणून थोडे जास्त पैसे देऊन पोलादीच घ्यावा. फेरूल आणि दांडी यांच्या सांध्यावर पायरी राहू देऊ नये. दांडी फेरूलपेक्षा किंचित बारीक असेल तर उत्तम, कारण पात्याने उघडलेल्या वाटेत ती अडखळत नाही.

चिकटवताना बहुतेक जण घाई करतात, म्हणून ही कृती सविस्तर देतो. पात्याच्या धारेवर जाड चिकटपट्टी गुंडाळावी आणि फेरूल पक्कडीत धरून स्पिरिटच्या दिव्यावर तापवावे. दांडीला आच लावू नये. डिंकाची कांडी दांडीच्या उतारावर घासून पातळ थर द्यावा, आणि गरम फेरूल त्यावर पीळ देत दाबून बसवावे. नंतर अग्र टणक लाकडी फळीवर टेकवून बाण उभा धरावा आणि दोन तळव्यांमध्ये घोळून भोवऱ्यासारखा फिरवावा. नजर पात्यावर न ठेवता फेरूल संपून दांडी सुरू होते त्या सांध्यावर ठेवावी. तो भाग स्थिर दिसला तर पाते सरळ आहे; तेथे धूसर, दुहेरी कड दिसली तर पाते तिरके बसले आहे. मग फेरूल पुन्हा थोडे गरम करून पाते पाव फेऱ्याने फिरवावे आणि पुन्हा तपासावे. हा सांधा निश्चल दिसेपर्यंत बाण भात्यात ठेवू नये.

यानंतर उड्डाणाची परीक्षा. आधी बिनपिसांच्या दांडीने, मग त्याच वजनाच्या सरावाच्या टोकांनी आणि शेवटी ब्रॉडहेडने, असा क्रम ठेवावा. ब्रॉडहेड हे पुढे लावलेल्या पंखासारखे काम करते. जी चूक सरावाचे टोक झाकून ठेवते तीच ते उघडी पाडते. वीस यार्डांवर सरावाच्या टोकांचा आणि ब्रॉडहेडचा जमाव एकाच जागी पडत नसेल तर पाते बदलण्याच्या आधी दांडी, नॉकची जागा आणि प्रत्यंचेची उंची (धनुष्याच्या मुठीपासून प्रत्यंचेचे अंतर) तपासावी. पाच इंचांची, थोडी वळवून लावलेली पिसे मोठ्या पात्याला ताब्यात ठेवतात. सरावासाठी एक पाते वेगळे राखून त्यावर रंगाची खूण करावी, कारण फोमच्या लक्ष्यात काही बाण मारले की धार गेलेली असते आणि असे पाते शिकारीत नेणे योग्य नाही.

धारेविषयी मी अधिक आग्रही आहे. दुकानातून आलेले पाते धारदार असतेच असे नाही. काही जुने नमुने तर ग्राहकाने धार लावूनच वापरावेत या समजुतीने बनवलेले असतात. तीन पात्यांचे टोक दगडावर सपाट ठेवून घासता येते, म्हणून ते सोपे वाटते, पण त्या पद्धतीने धारेचा कोन ६० अंशच राहतो. दोन पात्यांच्या टोकाला कोन हाताने किंवा जिगने (कोन धरून ठेवणाऱ्या साच्याने) राखावा लागतो, पण त्याबदल्यात प्रत्येक बाजूला २० ते २५ अंश देऊन धार पुष्कळ बारीक करता येते. कडेला काळ्या मार्करने रंग द्यावा आणि कानस एकाच दिशेने, मागून अग्राकडे न नेता अग्रापासून मागे न्यावी. रंग कुठे उतरतो यावरून कोन चुकतो आहे की बरोबर आहे ते लगेच कळते. एका बाजूने पुरेसे घासले की दुसऱ्या बाजूला नखाला लागेल अशी धातूची बारीक कोर, म्हणजे बर, उठते. ती पूर्ण लांबीभर उठल्याशिवाय बाजू बदलू नये. मग मध्यम आणि बारीक दगडावर हलक्या हाताने बर काढून शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाते पाठीमागे ओढावे.

धार तपासण्यासाठी हातावरचे केस कापून पाहणे पुरेसे नाही. एक रबरबँड दोन बोटांत हलका ताणून धरावा आणि पात्याची कड त्यावर जोर न देता सरकवावी. धार असेल तर रबर स्पर्श होताच तुटते. नसेल तर ते बाजूला ढकलले जाते. शरीरातली रक्तवाहिनीही अशीच निसटते, आणि बोथट पात्याने केलेली जखम लवकर गोठते. धार लावून झाल्यावर कडेला तेलाचा किंवा व्हॅसलिनचा पुसट हात फिरवावा. कार्बन पोलादावर एका पावसाळी सकाळीही गंज चढतो.

दोन पात्यांवर एक आक्षेप हमखास घेतला जातो की चीर मिटते आणि रक्ताचा माग कमी मिळतो. त्यात तथ्य आहे, विशेषतः बाण आरपार गेला नाही तर. यावर उपाय म्हणून मुख्य पात्याला काटकोनात दोन लहान पाती बसवलेली मिळतात. अमेरिकन तिरंदाज फ्रेड बेअर यांच्या रेझरहेड या ब्रॉडहेडमध्ये ही योजना १९५० च्या दशकातच होती. ५० पौंडांपुढे ती लावण्यास हरकत नाही. त्याखाली मी ती काढून ठेवतो आणि जनावर आडवे किंवा किंचित पाठमोरे उभे राहीपर्यंत, वीस यार्डांच्या आत येईपर्यंत थांबतो. समोरून छातीवर आणि खांद्याच्या चपट्या हाडावर कोणत्याच पात्याने बाण सोडू नये.

खरेदीपूर्वी आपल्या राज्याची चालू वर्षाची नियमावली वाचावी. आयडाहोमध्ये पाते किमान ७/८ इंच, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर रुंद आणि पाते धरून बाण किमान ३०० ग्रेनचा लागतो. अलास्कामध्ये मागे वळलेल्या काट्यांची, म्हणजे पात्याची मागची कड दांडीशी काटकोनापेक्षा लहान कोन करणारी टोके चालत नाहीत, आणि मूससाठी धनुष्य किमान ५० पौंडांचे असावे लागते. जुन्या पद्धतीच्या काही पात्यांची मागची कड अशीच आत वळलेली असते. ती कानशीने सरळ करून नियमात बसवता येते, पण तसे केल्यावर पात्यांची वजने पुन्हा काट्यावर मोजून सर्व समान आहेत याची खात्री करावी.

ज्याला पहिल्यांदाच घ्यायचे आहे त्याने ४५ पौंडांच्या धनुष्यासाठी १ १/८ इंच रुंद, डबल बेव्हल, भरीव अग्राचे, खिडक्या नसलेले, १४५ ते १६० ग्रेनचे पाते घ्यावे. एकाच वेळी सहा घ्यावीत, त्यांतले एक सरावासाठी ठेवावे, आणि त्याच वजनाची सरावाची टोकेही त्याच दिवशी विकत घ्यावीत.